कोपऱ्यातला खिळा

"तीन अक्षरी. घराचा आधार," मावशी अंगणातल्या खुर्चीवरून म्हणाली. मांडीवर शब्दकोडं, हातात पेन्सिल.

"खिळा," शिडीवरून मिस्त्री म्हणाले. तोंडात दोन खिळे धरले असल्यामुळे तो शब्द कमी आणि शिंक जास्त वाटली.

"अहो, खिळा दोन अक्षरी आहे."

"मग मोठा खिळा."

मावशी खो खो हसली. दारात उभ्या असलेल्या भाचीला मात्र हसू आलं नाही. नोकरीसाठी ती मावशीकडे राहायला आली त्याला वर्षही झालं नव्हतं, आणि वळचणीची ही पांढरी फळी, वाशांची टोकं झाकणारी, ऊठसूट सुटून लोंबायची. फळी लोंबली की मिस्त्री हजर. काम अर्ध्या तासाचं, पण हा गृहस्थ सकाळी यायचा तो जेवूनच जायचा. बरं, कामात तरी सफाई असावी! कोपऱ्यातला खिळा हल्ली दर वेळी अर्धा बाहेरच राहिलेला. मागच्या खेपेला रबरी पायांची, रुंद पायऱ्यांची नवीकोरी शिडी आणली, ती इथेच टाकून गेले. न्यायची शुद्ध नाही.

मावशी निवृत्त शिक्षिका. जन्मभर पोरांच्या लबाड्या चुटकीसरशी पकडल्या, पण या माणसापुढे अगदी विरघळायची. मध्यंतरी बादली उचलताना म्हणे तिचं मनगट दुखावलं. मिस्त्रींनी कसलंसं तेल आणून दिलं, तर त्या तेलाचं कौतुक बाटली संपली तरी संपेना. काका गेल्यापासून घरात एकटी राहिलेली बाई. तिला गंडवायला कितीसा वेळ लागतो? भाचीचं डोकंच फिरलं.

"मिस्त्रीकाका, स्क्रू का नाही लावत तुम्ही?"

"इथे खिळेच बरे," मिस्त्री म्हणाले.

"कुणाला बरे?"

मिस्त्री एकदम ठोकाठोकीत गुंग झाले.

रात्री जेवताना भाचीनं जाहीर करून टाकलं. "परवा दुसरा माणूस येतोय. ॲल्युमिनियमची पट्टी बसवणार, वळचण खालूनही बंद करणार. पुन्हा म्हणून बघायला नको."

मावशीचा घास हातातच राहिला. "इतकी काय घाई आहे गं?"

"मावशी, तो माणूस तुला सरळसरळ फसवतोय."

मावशी थोडा वेळ ताटात बोटं फिरवत बसली, मग भूक नाही म्हणून उठली. शब्दकोडंही तिनं पुढे सोडवलं नाही.

सकाळी उजाडता उजाडता भाचीला जाग आली ती कुईऽऽ अशा आवाजानं. कुणीतरी लाकडाला छळत होतं. ती तशीच अनवाणी बाहेर आली आणि जागच्या जागी उभी राहिली. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारून मावशी शिडीवर उभी होती. हातोड्याच्या मागच्या फाट्यात कोपऱ्यातला सगळ्यात मोठा खिळा धरून ती तो उपटत होती. बाकीचे खिळे खालच्या पायरीवर नीट ओळीत मांडून ठेवलेले होते. शिक्षिकेचीच शिस्त ती!

"मावशी!"

"ओरडू नकोस, पडेन मी."

भाचीनं शिडी घट्ट धरली. मावशी खाली उतरली आणि चोरी पकडलेल्या पोरासारखी मान खाली घालून दाराच्या पायरीवर बसली.

"उद्या पट्टी बसेल. मग फळी सुटणारच नाही," ती म्हणाली. "म्हटलं, एकदा शेवटचं बोलवावं."

"अगं, पण मग नुसतंच बोलवायचं ना घरी!"

"काय सांगून? या, माझ्याशी बोलत बसा म्हणून? या वयात?" मावशीचे डोळे भरून आले. "ते इथे असतात ना, तेव्हा घर घरासारखं वाटतं गं. पण त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस हं. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

भाचीला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं, आधी मावशीला मिठी मारली आणि मग पोट धरून हसली. पट्टीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. दुसरा फोन मिस्त्रींना केला.

मिस्त्री आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. कालच ठोकलेली फळी आज लोंबतेय, याचं त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. भाचीला त्यांची दया आली. बिचारा साधाभोळा माणूस, आणि आपण त्याला चोर ठरवून बसलो! मावशी चहा टाकायला आत गेल्याचं बघून ती शिडीपाशी आली.

"काका, काल मी जरा तोडून बोलले. तुमच्या कामात काही खोट नाही. फळी सुटते ती... वाऱ्यानं."

"हो ना, वारा फार आहे इथे," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले आणि एकेक खिळा ठोकत सरकू लागले. शेवटी कोपऱ्यात आले. तिथला खिळा त्यांनी अर्धाच ठोकला आणि हातोडा कमरेला खोचला.

"काका, तो राहिला."

मिस्त्रींनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. मग ते खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "राहू दे. मागे एकदा पूर्ण ठोकला होता, तर बाईंचं मनगट दुखावलं."