राहिलेला निरोप

सगळ्यांनी डोळे मिटले होते आणि शेषराव काही बोलत नव्हते.

अकोल्याच्या त्या लहानशा चर्चमध्ये साठ-सत्तर माणसं मान खाली घालून उभी होती. सन एकोणसाठच्या सप्टेंबरातला रविवार. पाळकसाहेब सभेसाठी अमरावतीला गेले होते, म्हणून मंडळीतले ज्येष्ठ या नात्यानं मुख्य प्रार्थना शेषरावांवर आली होती. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. मागच्या रांगेत कोणीतरी खोकललं.

असं कधी झालं नव्हतं. प्रार्थना म्हणजे शेषरावांचा हातखंडा. लग्न असो की मयत, अकोटहून, मूर्तिजापूरहून बोलावणं येई आणि ते एसटीनं जात. 'हे सर्वसमर्थ, परमदयाळू, स्वर्गीय पित्या' अशी सुरुवात झाली की बायका थट्टेनं म्हणत, आता घरी जाऊन तुरीची डाळ शिजवून यावी, 'आमेन'ला परत पोचता येतं. तरी शेवटी डोळे त्या बायकांचेच ओले असत. प्रार्थना करावी तर शेषरावांनी, असं लोक तोंडावर म्हणत. शेषराव ते मान खाली घालून ऐकत, पण ऐकत पूर्ण.

ही भाषा त्यांच्या घरची नव्हती. मोठ्या दुष्काळात आईबाप गेले तेव्हा ते पाच वर्षांचे होते. मिशनच्या आश्रमात वाढले. तिथल्या मडमेनं प्रार्थना पाठ करून घेतल्या, आणि कोणी 'मला'ऐवजी 'मले' म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. बाजारात शेषराव चारचौघांसारखं वऱ्हाडी बोलत. देवापुढे मात्र धुतलेला सदरा घालावा तशी धुतलेली मराठी.

त्यांची बायको सुंदराबाई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. लग्न झालं त्या वर्षी ती चुलीपुढे बसून मोठ्यानं म्हणे, 'देवा, आज लय थकली रे मी.' शेषरावांना ते खपलं नाही. कलेक्टरापुढे अशी बोलशील का, असं त्यांनी विचारलं. ती हसली. त्यानंतर पस्तीस वर्षं संध्याकाळची प्रार्थना ते करत आणि ती फक्त 'आमेन' म्हणे. पोरबाळ नव्हतं. त्या दोन खोल्यांत आवाज दोघांचाच, आणि खरं तर एकाचाच.

सुंदराबाई तीन आठवड्यांपूर्वी गेली. तेव्हापासून शेषराव दिवेलागणीला बायबल घेऊन बसत. पहिलं वाक्य निघे, समोरची रिकामी चटई दिसे आणि पुढचं अडे. आधी वाटलं, दुःखामुळे होत असेल. मग वाटलं, ऐकणारं माणूस नाही म्हणून होत असेल. आणि तिथेच ते चपापले. ऐकणारं माणूस नाही म्हणून प्रार्थना होत नसेल, तर इतकी वर्षं आपण ती ऐकवत कोणाला होतो? हे विचारायलाही घरात कोणी नव्हतं. शेजारच्या दुर्गाबाई भाकरी आणून देत, घटकाभर बसत. त्या गेल्या की घर खायला उठे. रविवारी सगळी मंडळी समोर असली म्हणजे शब्द येतील, अशी शेषरावांना आशा होती. नाहीच आले तर आपली आणि देवाची कधी ओळखच नव्हती, असं समजायचं.

आता मंडळी समोर होती. आणि शब्द आलेही, नेहमीचेच, ओळीनं. पण ते तोंडातून काढवेनात. याच शब्दांनी तीन आठवड्यांपूर्वी आपण काय केलं, ते त्यांच्यासमोर उभं राहिलं.

पुढच्या बाकापाशी उभे असलेले नत्थुजी हळूच म्हणाले, "भाऊ, बसून घ्या. मी म्हणतो."

शेषरावांनी नको अशी मान हलवली. ते चौथऱ्यावरून खाली उतरले आणि फरशीवर गुडघे टेकले. चौसष्ट वर्षांच्या गुडघ्यांना वेळ लागला. मग ते बाजारात बोलत त्याच आवाजात बोलू लागले.

"बापा, सुंदरानं तुह्यासाठी एक निरोप देला होता. जायच्या दिवशी, सकाळी. म्हणे, देवाले सांगा, मले लय भेव वाटून राह्यलं."

लोकांनी डोळे उघडले. त्या सकाळी खोलीत त्यांच्यातले बरेच जण होते. ती काय कुजबुजली ते कोणाला ऐकू गेलं नव्हतं. 'तुझी दासी धैर्यानं आणि आनंदानं तुझ्या भेटीस सज्ज आहे' ही शेषरावांची प्रार्थना मात्र सगळ्यांनी ऐकली होती. मयतीहून परतताना त्या प्रार्थनेचंच कौतुक चाललं होतं.

"मी तुले तसं सांगतलं नाही," शेषराव म्हणाले. "लोकं बसले होते. मी चांगलं चांगलं बोललो. ती माह्याकडं पाहत राह्यली. अन् मंग त्यालेबी आमेन म्हणाली."

त्यांना हुंदका आला. दुर्गाबाईंनी पदर तोंडाशी धरला. शेषरावांनी तोंड पुसलं नाही, कोणाकडे पाहिलंही नाही.

"तिनं आता तुले सोताच सांगतलं असन. माहा निरोप नेणारं कोणी राह्यलं नाही, म्हणून मीच सांगतो. बापा, मले भेव वाटून राह्यलं."