पुलाजवळची रेघ

विजेच्या तारांची पाहणी करणारं हेलिकॉप्टर फार खालून उडतं, आणि उन्हात आडवी आलेली बारीक तार वैमानिकाला दिसतच नाही. म्हणून नकाशेवाले काका दरीतली प्रत्येक तार नकाशावर लाल रेघेने दाखवत आणि उड्डाणाआधी वैमानिकाला रेघेवर बोट फिरवायला लावत. "काका, मी काय पहिलीत आहे का?" नवी वैमानिक हसायची, पण बोट फिरवायची.

आज मात्र ती उतरली तीच कुरकुरत. "त्या पुलाजवळच्या रेघेपायी मी रोज वळसा घालते. आज नीट पाहिलं. खांब दोन्ही आहेत, मधे तार नाहीच. खोडून टाका बघू."

काकांनी लाल पेन्सिल घेतली आणि तीच रेघ पुन्हा गडद केली. रोज गिरवून तिथला कागद झिजला होता. मागे खुंटीवर आधीच्या वैमानिकाचं जाकीट अजून लटकत होतं.

"त्याच्या हेलिकॉप्टरला अडकून तुटली ती, पोरी," काका तिकडे न बघताच म्हणाले.

"तार होती, तेव्हा मी रेघ काढायला विसरलो होतो."