जुनी फिल्म

आत पहिली बायको एमआरआयच्या यंत्रात पालथी पडली होती, बाहेर नवरा येरझाऱ्या घालत होता आणि दुसरी बायको बाकावर बसून जळफळत होती. मागच्या महिन्यात ती आठवडाभर तापाने फणफणली, तेव्हा या गृहस्थांनी दारातूनच "गोळी घेतलीस का?" एवढं विचारलं होतं. आज घटस्फोट झालेल्या बायकोसाठी मात्र चक्क रजा टाकली होती.

पहिलीने त्याला बोलावलंही नव्हतं. तिने फक्त आपल्या एमआरआयची जुनी फिल्म मागितली होती. सात वर्षांपूर्वी तिच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि आता त्याच व्रणापाशी हाताला गाठ लागत होती. व्रणच निबर झालाय की आजार परतलाय, ते ऑपरेशननंतर काढलेल्या त्या फिल्मशी ताडून पाहायचं होतं. फिल्म नवऱ्याच्या कपाटात निघाली, प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेली. आपल्या लग्नाचा अल्बम माळ्यावर धूळ खातो आणि हिची फिल्म कपाटात! तेव्हापासून दुसरीच्या पोटात दुखत होतं. बाईमाणूस सोबत हवं, असं म्हणून ती आली खरी, पण आली होती पहाऱ्यालाच.

डॉक्टरीणबाईंनी फिल्म मागवली. नवरा पुढे व्हायच्या आत दुसरीच फिल्मचं पाकीट घेऊन आत गेली. तेवढ्यात पहिलीही कपडे बदलून आली. बाईंनी फिल्म दिव्यावर लावली, शेजारच्या पडद्यावर आजचे फोटो उघडले. सुईतून दिलेलं औषध कॅन्सरची गाठ चटकन शोषते, जुना व्रण सहसा शोषत नाही, असं त्या सांगत होत्या.

"ही जागा तेव्हाही अशीच होती. आज तिने औषध शोषलेलं नाही. व्रणच आहे, आजार परतलेला नाही."

पहिली मटकन खुर्चीत बसली. दुसरीलाही हायसं वाटलं, पण घटकाभरच. आता बाहेर तो हिच्यासाठी आनंदाने रडणार, या विचाराने ती पुन्हा पेटली.

"त्यांना बोलावते," ती तुटकपणे म्हणाली.

"नको," पहिली म्हणाली. "ही फिल्म काढली त्या दिवशीही मी एकटीच आले होते. त्यांना ऑफिसात काम होतं."

दुसरीने फिल्मच्या कोपऱ्यातली तारीख वाचली. ती तारीख ती आणि नवरा दरवर्षी साजरी करत. त्या दिवशी त्याने तिला पहिल्यांदा बाहेर जेवायला नेलं होतं आणि बायको केव्हाच सोडून गेली, असं सांगितलं होतं.