तानूबाई मागं बसल्या

“किल्ली देते, पण मागं मी बसणार,” असं म्हणत तानूबाईंनी पदर खोचला आणि गिऱ्हाइकाच्या खांद्याला धरून त्या सरळ मोटरसायकलवर चढल्या.

गिऱ्हाईक म्हणजे अभिराज. पुण्याहून आलेला, कॉम्प्युटरच्या कंपनीतला पोरगा. त्याचा चेहराच पडला.

“काकू, छोटीशी चक्कर मारून बघतो. पाच मिनिटांत परत येतो.”

“परत येणाऱ्याला माझी अडचण कसली? चल.”

गाडी त्यांच्या नवऱ्याची, दयानंदांची. बंगळूरच्या चिकपेट बाजारातून ब्लाउजपिसांचे गठ्ठे याच गाडीवर आणून त्यांनी हेब्बाळात घर उभं केलं. शेवटच्या आजारात त्यांनी गाडी पोराच्या नाही, बायकोच्या नावावर केली. स्वतःच्या नावावर मोटरसायकल असलेली बाई अख्ख्या गल्लीत एकच होती, आणि ती हे कुणाला विसरू देत नव्हती.

विकायची होती, हे खरं. दोन वर्षं नुसती उभी राहून गाडीला गंज चढत होता. पण कुणाच्या हातात द्यायची हे त्या ठरवणार होत्या. अकरा जण त्यांनी परत पाठवले. एकाच्या तोंडात गुटखा होता. एकानं सीटवर चपलेसकट पाय ठेवला. एक जण गाडीला भंगार म्हणाला. त्याला त्यांनी फाटकापर्यंत पोचवला आणि त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

“आई, तू गाडी विकतीस का लेक देतीस?” रणजीत, त्यांचा एकुलता एक, कपाळाला हात लावायचा.

“लेक असती तर एवढं बघितलं नसतं.”

त्यांची आणखी एक अट होती. चक्कर मारायला नेलेली गाडी कुणाच्या अंगावर गेली, की भरपाई मालकाच्या गळ्यात पडते, हे त्यांनी शेजारणीकडून ऐकलं होतं. “विमा जिवंत असल्याशिवाय परक्याचा पाय या गाडीवर पडायचा नाही,” त्यांनी रणजीतला बजावलं.

या खेपेला पोरानं लगेच ऐकलं. कागद आणले. तानूबाईंनी तीन ठिकाणी गोल गोल अक्षरात सही केली. फोनवर आलेला नंबर त्यांनी स्वतः वाचून दाखवला. चौथीत शाळा सुटलेली बाई, पण सहा आकड्यांत एक चुकला नाही.

“झालं, आई. विमा झाला,” रणजीत म्हणाला. तेव्हा त्यांना लेकाचं कौतुक वाटलं होतं. तोंडानं मात्र त्या एवढंच म्हणाल्या, “एकदाची अक्कल आली म्हणायची.”

आज तो लवकर ऑफिसला गेला. जाता जाता सांगून गेला, “आपलाच मराठी मुलगा येतोय. लायसन-बियसन मागून त्याला लाजवू नकोस. किल्ली दे, एक चक्कर मारू दे.”

म्हणूनच तानूबाई मागं बसल्या. परका चोर कडी तोडून आत येतो. आपल्या माणसाला आपणच कडी काढून देतो.

अभिराज तळ्याच्या बाजूनं निघाला. परत फिरायचं पहिलं वळण गेलं. दुसरंही गेलं. तानूबाईंनी त्याच्या शर्टाची मूठ आवळली.

“वळण मागं राहिलं, रे.”

“हो काकू, पुढून वळतो.”

पुढूनही तो वळला नाही. फ्लायओव्हर चढला, उतरला. एका रसवंतीपाशी गाडी थांबवून म्हणाला, “काकू, ऊन फार आहे. उतरून थोडा रस घेता का?”

“घेते की. आधी किल्ली काढून माझ्या हातात दे, मग उतरते.”

त्यानं मुकाट्यानं गिअर टाकला. तानूबाईंची खात्री पटली. पोरगा चोरच होता. फक्त म्हातारीला टाकायची कुठं, एवढंच त्याला सुचत नव्हतं.

पुढच्या सिग्नलला ट्रॅफिक पोलिसानं हात केला. मागच्या बाईला हेल्मेट नव्हतं. तानूबाईंना तर देवच भेटला.

“साहेब, धरा याला!” त्या कन्नडमध्ये ओरडल्या. “गाडी माझी आहे. चक्कर मारतो म्हणून पळवून चाललाय!”

पोलिसानं हातातल्या मशीनवर गाडीचा नंबर टाकला. मग अभिराजचं लायसन बघितलं. मग पुन्हा मशीन.

“अम्मा, गाडी निम्दल्ला. तुमची नाही,” तो म्हणाला. “अकरा दिवस झाले, याच्या नावावर आहे. विमापण याच्याच नावाचा.”

तानूबाई सावकाश खाली उतरल्या. हात अजून सीटवरच होता.

“मी सही केली ती विम्यासाठी,” त्या अभिराजला म्हणाल्या. “नंबर दिला तोही विम्याचा.”

“नाही काकू. ते नाव बदलायचे कागद होते.” तो मान वर करेना. “पैसेसुद्धा मी रणजीतदादांना तेव्हाच दिलेत.”

पोलिसानं दंडाची पावती फाडायला घेतलेला हात आवरला.

“मग गाडी तुझीच होती, तर उजळ माथ्यानं न्यायची, मेल्या,” तानूबाई म्हणाल्या. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही. “गिऱ्हाइकाचं सोंग कशाला आणलंस?”



“तुम्ही मागं बसाल, असं दादांना वाटलं नव्हतं. ते म्हणाले, चक्कर मारायला म्हणून ने आणि परत येऊच नकोस. आई जन्मभर चोराला शिव्या देईल, मला नाही.”