दहावा मजला

"हाही वाकडाच कापतो," निरीक्षक म्हणाले आणि कागद कापायचा तिसरा ट्रिमर त्यांनी काउंटरवरून पलीकडे ढकलला.

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशातली स्टीलची पट्टी सुटली नव्हती. सदतीस वर्षं दुकानादुकानांतून वजनंमापं तपासलेला माणूस तो. तराजूतली गुंजभर खोटही त्यांनी कुणाला पचू दिली नव्हती. बायकोनं आत्ता कापलेल्या तुकड्याला त्यांनी पट्टी लावली. एका टोकाला दीड मिलिमीटर जास्त.

"मला पसंत करताना एवढी पारख नव्हती केलीत," शेजारच्या स्टुलावर बसलेली बायको म्हणाली. दुकानदार हसला. निरीक्षक हसले नाहीत.

नातीच्या प्रत्येक वाढदिवसाला बायको जाड कागदाच्या घराचा एक मजला करून पाठवायची. खिडक्या, जिना, गॅलरीत वाळत घातलेले कपडेसुद्धा. नातीच्या कपाटावर नऊ मजले एकावर एक उभे होते आणि रविवारी दहावा जायचा होता. भिंत केसभर तिरकी कापली गेली, तरी वरचा मजला खालच्यावर बसत नाही. आणि गेल्या वर्षापासून तिचा डावा हात थरथरत होता. कागद दाबून धर म्हटलं तर ऐकत नव्हता. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, गोळ्या चालू होत्या. निरीक्षकांनी मात्र सगळा ठपका घरातल्या जुन्या कटरवर ठेवला होता.

दुकानदारानं चौथा खोका उघडला. "हा बघा काकू. ही पट्टी खाली दाबायची, कागद हलत नाही. मग पातं नुसतं ओढायचं. डोळे मिटून कापलं तरी सरळ येतं."

तिनं पट्टीवर डावा हात ठेवला. उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखी पट्टी तिच्या बोटांखाली वाजत राहिली. तिनं पातं ओढलं. कागद सरकला.

या खेपेला मापायची गरजच नव्हती.

"थांबा, मी दाखवतो," दुकानदार म्हणाला आणि त्यानं कागद सर्रकन कापला. कड सुतासारखी सरळ आली. मग त्याची नजर तिच्या हाताकडे गेली आणि कापलेला तुकडा त्यानं हळूच काउंटरखाली सारला. निरीक्षकांनी ते पाहिलं.

"इकडे आणा," ते म्हणाले. बायकोकडे पाठ करून त्यांनी नवा कागद लावला, अंगठ्यानं त्याचा खालचा कोपरा किंचित सरकवला आणि पातं ओढलं. मग स्टीलची पट्टी लावून मोठ्यानं वाचलं, "दोन मिलिमीटर! बघ, माझ्या हातूनही तेच. तुझं काही नाही गं, मालच खराब आहे." दुकानदाराकडे वळून ते जुन्या, साहेबी आवाजात गरजले, "असला माल ठेवता तुम्ही?"

दुकानदारानं मान खाली घातली. "असेल काका. या लॉटमध्येच काहीतरी असेल."

बायकोनं तो तुकडा उचलला. कडेवरून अंगठा फिरवला. एकदा या टोकापासून, एकदा त्या.

"अहो," ती हळूच म्हणाली, "चाळीस वर्षं कागद कापतेय मी. मुद्दाम तिरका कापलेला मला कळत नाही होय?"

निरीक्षकांचे कान लाल झाले. आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी पकडली, पण पकडलं गेल्यावर कुठे बघायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. पट्टी खिशात ठेवायला गेले, तर खिसाच सापडेना.

"आत अजून एक मोठा आहे," दुकानदार चाचरत म्हणाला. "आणू का?"

तिनं क्षणभर नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डावा हात उजव्या हाताखाली दाबून धरला.

"आणा," ती म्हणाली. "यांचं समाधान अजून व्हायचंय."