शुक्रवारची पोळी

अकोल्याच्या निवृत्त शिक्षिका रिबेकाबाई ज्यू होत्या. त्यांना कच्छचं पांढरं रण बघायचं होतं, पण खाण्यापिण्याचे धर्मनियम मोडायचे नव्हते. बाळापूरची शेतकरी मैत्रीण मैनाबाई म्हणाली, "मी येतो संगं. तवा, भांडे, समदं नवंच घेऊ." दोघींनी महिनाभर आखणी केली. शुक्रवारी सूर्यास्ताआधी गाडी रणाच्या काठावर थांबली. मेणबत्त्या मांडल्या, पोळ्या काढल्या आणि रिबेकाबाई पिशव्या उपसू लागल्या. शब्बाथची, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रामदिवसाची, पोळी मिठाला लावून खायची असते, आणि मीठच घरी राहिलं होतं. "मीच भुलली वो बाई," म्हणत मैनाबाईनं मान वर केली. समोर क्षितिजापर्यंत मीठच पसरलं होतं, मावळतीनं गुलाबी झालेलं. जन्मभर काळी माती कसलेली ती चपला काढून वाकली. खडा उचलून तिनं जिभेला लावला. "बाई, देवानं तुमच्यासाठी केवढं वाढून ठेवलं!" रिबेकाबाईंनी नुसती ओंजळ पुढे केली.