नंबर नसलेलं दार

पेटंट ऑफिसातल्या परीक्षक बाईंनी तिसरी हरकत वाचून दाखवली. पोकलेनच्या केबिनमध्ये सीटच्या पाठीतून गार हवा सोडायची, ही कल्पना आधीच्या दोन पेटंटांत आलेली आहे. मग या अर्जात नवीन काय?

समोर अर्जदार बसला होता. वीस वर्षं पोकलेन चालवणारा ऑपरेटर, इस्त्रीच्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून. शेजारी त्याचा अर्ज लिहून देणारा पेटंट एजंट. सुनावणीला अर्धा तास मिळतो, त्यातली पंधरा मिनिटं एजंटाने सीटच्या भोकांवर घालवली. त्यांच्या सीटला भोकं चोवीस, आमच्या सीटला साठ, शिवाय आमची तिरकी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि भोकं वाढवली म्हणजे शोध लागला असं होत नाही, असं सांगितलं. एवढ्यावरच फाईल बंद व्हायची होती.

"मॅडम, मी बोलू का?" ऑपरेटर म्हणाला. "ती दोन्ही यंत्रं दार लावून चालतात. माझं दार उघडं असतं."

बाईंनी मान वर केली.

मग त्याने सांगितलं ते असं. दार लावून खोदकाम करायचं म्हणजे कानात बोळे घालून रस्ता ओलांडायचा. खाली एक माणूस इशारे करत उभा असतो. तो बकेटच्या आड गेला की दिसत नाही, त्याची हाक तेवढी ऐकू येते. जमिनीतल्या पाइपाला बकेट घासली तर तेही आधी कानालाच कळतं. म्हणून जुने ऑपरेटर भर उन्हात दार मागे हुकाला अडकवून बसतात आणि एसी नुसता शोभेला राहतो. याच्या सीटची हवा केबिन गार करायच्या भानगडीत पडतच नाही. ती फक्त पाठीला आणि मानेला लागते. दार सताड उघडं असलं तरी माणूस भाजून निघत नाही.

"आणि हाक ऐकू आली नाही तर?" बाईंनी विचारलं.

"तीन वर्षांपूर्वी ऊन फार होतं. मी दार लावून एसी सुरू केला," ऑपरेटर म्हणाला. "खालच्या माणसाचा पाय गेला. गुडघ्यापासून."

बाईंना वाईट वाटलं, पण वाईट वाटलं म्हणून पेटंट देता येत नाही.

नवीन काय ते आता कळलं होतं आणि घोडं नेमकं तिथेच अडलं. अर्जातला पहिला दावा, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते सांगणारा मजकूर, सुरूच होत होता 'बंद केबिनमध्ये' या शब्दांनी. एजंटाने आजवर केबिनचे तीसेक अर्ज लिहिले होते, पण एकाही केबिनमध्ये तो चढला नव्हता. जुन्या अर्जाची सुरुवात उचलायची आणि पुढे नवा माल भरायचा, ही त्याची पद्धत. केबिन म्हटली की बंदच असणार असं धरून चाललो, असं तो पुटपुटला. ऑपरेटरने तर ती कायद्याची भाषा बघूनच हात टेकले होते आणि एजंटाने बोट ठेवलं तिथे सही केली होती.

एजंट शब्द बदलून देतो म्हणाला. बाई म्हणाल्या, दावा बदलता येईल, पण मूळ कागदांत जे आहे त्याच्याच आधारावर. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नवा अर्ज करण्यातही अर्थ नव्हता. गेल्याच वर्षी एका मोठ्या कंपनीने उघड्या केबिनसाठी असाच अर्ज केला होता आणि नवा अर्ज तारखेने तिच्या मागे गेला असता. म्हणजे शोध ऑपरेटरचा आणि नाव कंपनीचं.

"याच कागदांत कुठे उघडं दार सापडलं, तरच," असं म्हणून बाई स्वतःच पहिल्या पानापासून शोधायला लागल्या. खरं तर हे काम एजंटाचं.

मजकुराची बावीस पानं संपली. दार हा शब्द दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा ते लावलेलंच होतं. ऑपरेटर टेबलाच्या कडेकडे बघत बसला होता. पुढच्या सुनावणीचे लोक बाहेरच्या बाकावर येऊन खाकरू लागले.

शेवटी आकृत्या उरल्या. त्या बाईंनी चारदा तरी पाहिल्या होत्या. सीट बारा, नळी चौदा, पंखा सोळा, असे एजंटाने नंबर टाकलेले, आणि परीक्षकाची नजर एका नंबरावरून दुसऱ्यावर उड्या मारत जाते. या वेळी त्यांनी नंबर सोडून नुसतं चित्र पाहिलं. दुसऱ्या आकृतीत केबिनचं दार सताड उघडं होतं, मागे हुकाला अडकवलेलं. तिसरीतही तसंच. त्याला नंबर नव्हता म्हणून ते बाईंना दिसलंच नव्हतं. बाईंना स्वतःची लाज वाटली.

"आकृती हाही मूळ कागदच," त्या म्हणाल्या. "दाराला नंबर द्या आणि पहिला दावा नव्याने लिहून आणा. मी पुन्हा तपासते." चित्रंही कागदांत धरतात, हे ऑपरेटरला आत्ता कळलं.

एजंटाचा जीव भांड्यात पडला. चित्रं पाहून त्याला आठवलं, आणि आता हसायला हरकत नाही असं वाटून त्याने सांगून टाकलं, की उघडं दार पानाबाहेर जात होतं, म्हणून त्याने स्वतःच ही चित्रं दोनदा परत पाठवली होती, दार लावून काढा म्हणून, आणि तरी उघडंच आलं तेव्हा कंटाळून तशीच जोडली.

"कोणी काढली ही?" बाईंनी विचारलं.

"धाकट्या भावाने. खाली तोच उभा असायचा." ऑपरेटरने शर्टाचं वरचं बटण सोडलं. "मीही म्हटलं त्याला, साहेब सांगतायत तर काढ ना लावलेलं. तर म्हणाला, दादा, एकदा लावलंस तेवढं पुरे."